दोन कंदील, दोन पॉइंट

माझे बाबा अमरावतीच्या कापूस बाजारात मापारी होते. गाडीतला कापूस काट्यावर चढवायचा आणि वजन मोठ्यानं ओरडून सांगायचं, एवढंच कागदावरचं काम. पण विकणाऱ्यानं कापसावर पाणी मारून आणलंय का, गाठोड्याच्या पोटात माती कोंबलीय का, घेणाऱ्यानं काट्याला कुठं बोट लावलंय का, हे हेरण्यातच त्यांची सगळी हयात गेली. संध्याकाळी घरी आले की तेच डोळे घरात फिरत. दुधात पाणी आहे का, शेजारी आज एवढा गोड काहून बोलला, पोस्टमननं पाकीट उघडून बघितलं का. आई गेली तेव्हा मी सोळाची होते. घर माझ्या हातात आलं आणि त्याबरोबर हा स्वभावही आला. आज म्हातारपणीही मी भाजीवाल्याच्या तराजूची दांडी बोटानं उचलून बघते. तो चिडला तर चिडू दे.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली, शेवटाकडच्या वर्षांतली. आमच्या गल्लीत विजेचे खांब आले तेव्हाची. घरात आम्ही तिघं. बाबा, मी आणि वैनी. मी तेव्हा प्राथमिक शाळेत चौथीला गणित शिकवत होते. दादा सरकारी नोकरीत धारणीला होता, दीड-दोन महिन्यांतून एकदा बसनं धक्के खात यायचा. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. वैनी अकोल्याची, तिच्या माहेरी आधीपासून वीज होती, आणि ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपत होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती लपवून गोष्ट रंगवण्यात मला मजा वाटत नाही. वैनीला तेव्हा चौथा महिना होता आणि दिवस मावळला की तिला दिसत नव्हतं. दिवसा सगळं ठीक, दिवेलागणीनंतर डोळ्यांसमोर काळं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. आपण बोललो तर सासरे म्हणतील की अकोलेकरांनी दोष लपवून पोरगी दिली, आणि आपली रवानगी परत माहेरी होईल, अशी तिला धास्ती होती. बाबांना ओळखणाऱ्या कुणालाही ही धास्ती खोटी वाटली नसती. बाळंतपण होईस्तोवर कसंही करून निभावून न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्यासाठी तिनं आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. चुलीवर एक दिवा.

वीज घ्यायची तर अर्जात लिहावं लागे की किती दिवे, किती वॅटचे, मिळून किती. फिटिंग करणारे एक मिस्त्री होते, आमच्यामागच्या मोहल्ल्यातले. पिकलेली दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी घर फिरून बघितलं. आमचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं, समोर बैठक, मग मधली खोली, मग सैपाकघर, आणि मागं उघड्यावर मोरी. ते परत येऊन म्हणाले, "चार पॉइंट घ्या, साहेब."

"चार?" बाबा हसले. हसले म्हणजे त्यांना चोर सापडला होता. "आमच्या घरात कंदील किती? दोन. आजवर कोनी आंधारात मेलं का? मंग चार बत्त्या कायले पायजेत?"

"कंदील माणसासंगं चालते, साहेब. बत्ती चालत नाई. तुमी कंदील मोजून राहिले. जागा मोजा. बैठक एक, मधली खोली दोन, चूल तीन, मोरी चार."

ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, "पॉइंटामागं मजुरी भेटते त्याले. थो चारच सांगन. उद्या आठ बी सांगन. तू मोज, पोरी."

मग मी मोजलं. कसं मोजलं ते सांगायला हवं, कारण मला त्याचा फार अभिमान होता. एका मोठ्या कागदावर रकाने आखले आणि तो मधल्या खोलीत भिंतीला चिकटवला. कोणता कंदील, कोणत्या खोलीत, केव्हापासून केव्हापर्यंत, हे आठ दिवस बरोबर लिहून काढलं. पहिला कंदील दिवेलागणीला बैठकीत, बाबांपाशी. जेवणाच्या वेळी सैपाकघरात. मग मधल्या खोलीत, मी वह्या तपासेपर्यंत. दुसरा कंदील कधी माझ्यासोबत, कधी मोरीवर, बराच वेळ सैपाकघरात. आठ दिवसांच्या नोंदी बघितल्या तर एका वेळी दोनपेक्षा जास्त उजेडांची गरज कधीच पडली नव्हती. मी खाली दोन रेघा मारून उत्तर लिहिलं, दोन पॉइंट. बाबांनी चष्मा लावून सगळे रकाने तपासले, कारण माझ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. हिशेब बिनचूक निघाला.

आता हसू येतं. आणि लाजही वाटते. मिस्त्रींनी सरळ शब्दांत सांगितलं होतं की कंदील चालतो आणि बत्ती चालत नाही. पण ज्याला मजुरी मिळायची आहे त्याचं म्हणणं खरं कसं असेल, या एका शंकेपायी आम्ही दोघं शिकलेसवरलेले बाप-लेक दोन फिरते कंदील मोजत बसलो.

त्या कागदानं माझ्या मनात दुसरीही शंका घातली. दुसरा कंदील एकदा सैपाकघरात गेला की वैनी तो सोडत नसे. अगदी तव्याच्या कडेला ठेवायची, वात मोठी करून. काच रोज काळी, घासलेट दुप्पट. मी बघायला लागले तर बरंच काही दिसलं. दिवस मावळायच्या आत सैपाक उरकायची तिची घाई असायची. संध्याकाळनंतर मोरीवर जायचं म्हटलं की, "बाई, तुमीच आना ना गंजभर पानी, माही कंबर दुखते." आणि एकदा सकाळी तुपाच्या बरणीत मला बोटाचा ठसा दिसला. चांगला खोल. मी झाकण लावून बरणी जागेवर ठेवली. माझ्या डोक्यात मात्र यादी तयार झाली. आळशी आहे, लाडावलेली आहे, आणि तूप चोरून खाते.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन बसली. "बाई, एक बत्ती चुलीवर घ्या ना. आन मोठी घ्या. शंभरची."

"शंभरची? काहून? सैपाक करता का लगन लावता तिथं?"

"नाई, असंच."

त्या ‘असंच’मध्ये मला लबाडी दिसली. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "अकोल्याचे चोचले हायेत हे," आणि विषय संपला.

तरी सैपाकघर अगदीच अंधारात ठेवायचं नव्हतं, म्हणून मी एक तोड काढली. मधली खोली आणि सैपाकघर यांच्यामधल्या भिंतीला वर, छपराजवळ, वीतभर भोक पाडायचं आणि त्यात पंचवीसचा दिवा लावायचा. एक पॉइंट, दोन खोल्या. मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले.

"बाईसाहेब, चूल कोनत्या भितीले लागून हाय?"

"हेच भित."

"मंग उजेड सैपाकवालीच्या डोक्यावरून जाईन. चूल आंधारातच राईन."

बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. म्हणजे बघ, अजून चौथ्या पॉइंटावरच आहे गडी.

फिटिंगच्या दिवशी बाबा बाजारात गेलेच नाहीत. स्टुलावर बसून होते. लाकडी पट्टीला किती खिळे लागले ते मोजले. तार हातानं मोजली, परत मोजली. मिस्त्रींचाही पारा चढला. त्यांनी कापलेल्या तारेचे बोटभर तुकडे गोळा करून बाबांच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "हे बी ठेवा, साहेब. उद्या म्हनान का मिस्त्रीनं नेले." बाबांनी खरोखरच ठेवून घेतले.

वीज आली. बैठकीत चाळीसचा, भिंतीतल्या भोकात पंचवीसचा. पहिल्या संध्याकाळी बाबांनी दोन्ही बटणं बंद केली आणि मीटरसमोर बसले. त्यांचा पक्का समज होता की आपण काही वापरलं नाही तरी आतली चकती गुपचूप फिरते. तासभर बघितलं. चकती जागची हलली नाही. बाबा उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. चोरी पकडली गेली नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं.

त्या आठवड्यात दादा आला. परत निघाला तेव्हा बाबांनी दोन्ही कंदील पुसून, पेपरात गुंडाळून त्याच्या पिशवीत घातले. धारणीकडे वीज यायला अजून जमाना होता. आणि आमच्याकडे आता त्यांचं काम काय?

वैनी दारात उभी होती. ती सासऱ्यांना म्हणाली, "एक राहू द्या ना, मामाजी. बत्ती गेली तर?"

"गेली तर चिमनी हाय ना."

दादा पिशवीचे बंद बांधत राहिला. बायकोच्या तोंडाकडे बघायचीही त्याला चोरी होती, आमच्यासमोर. कंदील धारणीला गेले. मी त्या वेळी वैनीचा चेहरा बघितला होता. एका कंदिलासाठी एवढं काय रडवेलं व्हायचं, असंच मनात आलं.

त्यानंतर सैपाकघरात सांडलवंड सुरू झाली. वरण भांड्याबाहेर, पीठ परातीबाहेर. एकदा तिनं तापलेल्या तव्यावर उघडा तळहात ठेवला, तर म्हणाली झोप झाली नव्हती. तुपाच्या बरणीत ठसे मात्र रोजच. मी ठरवलं की हिला हातोहात पकडायचं.

दिवेलागणीला मी सांगितलं की शाळेच्या कामानं पलीकडच्या गल्लीत जाऊन येते. पुढच्या दारानं गेले, बोळातून वळसा घातला आणि मोरीकडून चपला हातात घेऊन सैपाकघरात शिरले. जात्याजवळच्या कोपऱ्यात उभी राहिले. भोकातला दिवा लागला होता. उजेड अंधुक, पण मला सगळं दिसत होतं. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

वैनी मधल्या खोलीतून आली. तिचा उजवा हात भिंतीवरून सरकत होता आणि ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती. फडताळापाशी थांबली, एका बरणीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, नाकाशी नेलं. झाकण लावलं. दुसरी बरणी, परत बोट, परत वास. तिसऱ्या बरणीत बोट बुडवल्यावर तिला हवं ते सापडलं. तिथून तिनं चमचाभर तूप काढलं आणि बाबांच्या भाकरीवर घातलं. भाकर कुठं आहे ते आधी डाव्या हातानं चाचपलं. बोटाला लागलेलं तूप तिनं चाटलंही नाही, पदराला पुसलं.

मग ती वळली. तिचं तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर आलं. दोन हातांचं अंतर. डोळे उघडे, माझ्यावरच लागलेले. मला वाटलं, आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. तिनं नुसता कान दिला.

"कोन हाय?"

मी हातातल्या चपला पाठीमागं धरल्या.

"कोन हाय जी?" तिचा हात पुढं आला, माझ्या खांद्याला लागला, आणि ती दचकून मागं सरली. "बाई?"

तरीसुद्धा माझी शंका फिटली नाही. काय म्हणावं मला! मी म्हणाले, "मी किती बोटं दाखवून राहिली, सांगा."

तिनं डोळे ताणले. मग हळू आवाजात म्हणाली, "तीन."

मी हात वर केलाच नव्हता.

ती खाली बसली आणि माझ्या पायांना हात लावून रडायला लागली. "मामाजीले सांगू नका, बाई. अकोल्याले धाडून देतीन मले. पोटातलं हाय, त्याले बी आंधळं म्हनतीन." केव्हापासून, विचारलं तर दोन-अडीच महिने झाले म्हणाली. मी तिला उठवायला वाकले तर मधल्या खोलीच्या दारात बाबा उभे. मागच्या दारी कुणाची चाहूल लागली म्हणून ते बघायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आपल्याले पोरगी भर दुपारी दाखवली होती," बाबा म्हणाले. आवाज एकदम बाजारातला, वजन सांगतानाचा. "आता समजलं काहून. दोघाईकडे कागद लिही. धारनीले बी आन अकोल्याले बी."

मी म्हणाले, "आधी डॉक्टरले दाखवू."

लोकांना वाटेल मला दया आली. दया नंतर आली, आणि आली तेव्हा भरपूर आली. त्या क्षणी मला फक्त पडताळा हवा होता. बाबांच्या निकालावर शंका घेण्याची माझी ती पहिलीच वेळ. बाबांना ते कळलं, कारण त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि मला निरखलं. शेवटी म्हणाले, "दाखव."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई पोक्त होत्या. त्यांनी डोळे बघितले, पोट बघितलं, लहानपणी असं होतं का विचारलं. नव्हतं. माहेरी कुणाला आहे का? नाही.

"काय खाता?"

"सगळं खातात त्या," मी म्हणाले.

"मी यांना विचारलं."

वैनी खाली बघून म्हणाली, "भाकर आन चटनी."

"भाजी? दूध?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग अडखळत बोलली. दिवस गेल्यावर उलट्यांनी अन्न टिकत नव्हतं, आणि मग दिसेनासं झालं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, तोवर अंधार पडलेला असायचा. भांड्यात किती उरलंय ते दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी कमी पडलं तर आपल्यावर येईल, म्हणून ती भाजीला आणि दुधाला हातच लावत नव्हती. भाकर मोजता येते, म्हणून भाकर खायची. सकाळची भाजी तर आमच्या डब्यांतच संपायची.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. हा जन्माचा दोष नाही, म्हणाल्या. गरोदरपणात पोटात नीट अन्न नसलं की असं होतं. पालेभाजी, दूध, गाजर, आणि हे माशाचं तेल. महिनाभरात दिसायला लागेल. तोवर हिला अंधारात चुलीपुढं बसवू नका.

दवाखान्याच्या ओट्यावर मी थोडा वेळ बसून राहिले. कोणता कंदील कोणत्या खोलीत किती वेळ जळतो, हे मी आठ दिवस मिनिटामिनिटानं लिहिलं होतं. माझ्याच घरातली पोटुशी बाई काय जेवते, हे एकदाही बघितलं नव्हतं. माझी मलाच शिसारी आली.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, डॉक्टरनं खरंच असं म्हटलं का. मग टोपी घालून बाहेर गेले. तेलाची बाटली बाजारातून तेच घेऊन आले, झाकण पक्कं बंद आहे का ते बघून. कागद लिहायचं नाव मात्र परत काढलं नाही.

सात-आठ दिवसांनी ते स्वतः मिस्त्रींच्या घरी गेले. कुणाच्या दारी जाऊन काम सांगायची त्यांना सवय नव्हती. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आले. तोंडानं एक शब्द बोलले नाहीत, आणि ते न बोलणं बाबांना जास्त लागलं असावं. चुलीच्या वर, समोरच्या बाजूनं उजेड पडेल अशी जागा त्यांनी पेन्सिलीनं आखली.

"कितीची लावायची, साहेब?"

बाबा म्हणाले, "तिले इचारा."

वैनी दाराआड उभी होती. मिस्त्रींनी विचारलं तशी ती घाईघाईनं म्हणाली, "पंचवीसची पुरे हाय. आता दिसते मले."

आदल्याच संध्याकाळी ती उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "खोटं बोलून राहिली हे. शंभरची लावा."

आयुष्यभर त्यांनी कुणाचं म्हणणं खरं मानलं नाही. त्या दिवशी तिचं ‘पुरे’ मानलं नाही. मला माझा बाप इतका आवडला, तो त्या एका वाक्यापुरता.

वैनीला महिन्याभरात दिसायला लागलं. पुढं मुलगी झाली, चांगली टपोऱ्या डोळ्यांची. सगळं नीट झालं, असं कुणीही म्हणेल. पण संध्याकाळी चुलीपुढं बसायच्या आधी वैनी बटणावर हात ठेवून थांबायची आणि विचारायची, "बाई, लावू का?" मी म्हणायची, लावा ना, विचारता काय. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी चिडून बघितलं, हात जोडून बघितलं, एकदा तर आधीच जाऊन दिवा लावून ठेवला. तर तिनं तो बंद केला आणि विचारून परत लावला. चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, सैपाकघरात दहा बायका. वैनी त्या गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली आणि तिनं तेच विचारलं. मी हो म्हणेपर्यंत ती तशीच उभी होती, माझ्याकडे बघत.